आपल्या माणसाची केस

हल्ली मला बोलावतात. नांदेडला, लातूरला, कधी परभणीला. समुपदेशकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण असतं आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतरचं सत्र माझं असतं. विषय 'सांस्कृतिक विविधता'. जेवणानंतरचं सत्र कुणाच्या गळ्यात मारतात हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी पडद्यावर चित्रं दाखवते, पोरीबाळी वरणभाताच्या गुंगीत माना डोलावतात, शेवटी कुणीतरी उठून आभार मानतं आणि हातात तुळशीचं रोप देतं. त्या सत्रात मी जे बोलते त्यातलं एकही वाक्य माझं नाही. सगळं बाईंचं आहे. बाईंचं नाव मात्र मी घेत नाही. लाज वाटते म्हणून घेत नाही, की लाज उरली नाही म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाई नांदेडच्या एका संस्थेत कुटुंब समुपदेशनाचा वर्षभराचा अभ्यासक्रम चालवायच्या. संस्थेचं केंद्र एका वह्यापुस्तकांच्या दुकानावर, दोन खोल्यांत होतं. बाई उंच, हाडकुळ्या, आणि साडीखाली पुरुषांचे काळे बूट. 'टाचा फुटतात' एवढंच त्याचं कारण सांगायच्या. खुर्चीवर बसल्या तरी एक पाय वर घेऊन बसायच्या, समोर कलेक्टर का असेना. गाव उदगीरकडचं, घरात कानडी, शाळा मराठीत, आणि लहानपण ज्या गल्लीत गेलं तिथली दखनी उर्दू तोंडात पक्की बसलेली. लग्न केलेलं नव्हतं. एकदा एका सासूनं भर केंद्रात त्यांना त्यावरून धरलं.

"म्याडम, तुमचं सोताचं लगीन झालं न्हाई म्हणं. मग आमाला काय शिकवायल्या?"

"मावशी," बाई म्हणाल्या, "ढोराचा डॉक्टर काय आधी बैल होऊन येतो का?"

सासू हसली. रुसून बसलेली सूनही पदराआड हसली. दोन्ही पक्ष एकदम हसले की अर्धा तास वाचतो, असा बाईंचा हिशेब होता.

मी लोह्याजवळच्या एका खेड्यातली. घरी बरी जमीन, आजोबा गावचे पाटील, मी समाजकार्याची पदवी घेऊन आलेली. पहिल्या दिवशी आम्ही बाराजण कोऱ्या वह्या उघडून बसलो होतो. बाईंनी फळ्याकडे पाठ केली आणि मलाच विचारलं, "तुझ्या घरी रुसलेल्या माणसाला जेवायला कोण बोलावतं?"

मला हसू आलं. मग सांगितलं, आजोबा रुसले की आजी, वडील रुसले की आई, भाऊ रुसला की मी.

"आणि तू रुसल्यावर?"

"मी रुसत नाही बाई."

"बरं," म्हणून त्या पुढच्याकडे वळल्या. पुढचा नरसिंग, देगलूरचा, घरी तेलुगू बोलणारा. त्याच्याकडे रुसलेल्याचं ताट झाकून ठेवायचे, हाक कुणीच मारायची नाही, मारली तर तो आणखी चिडायचा. त्याच्या शेजारी शबाना, नांदेडच्या जुन्या वस्तीतली. ती म्हणाली, "अब्बा रूठे तो दादी बुलाती. अम्मी रूठी तो कोई नहीं. अम्मी खुदच उठके रोटी डालती." बाराजणांची बारा उत्तरं आली. चार पानांच्या छापील फॉर्ममध्ये जे सापडत नाही ते या एका प्रश्नात सापडतं, असं बाई म्हणायच्या. घरात वजन कुणाचं, मन कुणाचं सांभाळायचं आणि कुणाचं सांभाळलं नाही तरी चालतं, सगळं त्यात येतं.

आणि ते सापडायचंही. एक जोडपं दीड वर्ष वेगळं राहत होतं. वकील झाले, पंच झाले, कुणालाच थांग लागत नव्हता. बाईंनी दोघांना वेगवेगळं बसवून हाच प्रश्न विचारला. नवऱ्याच्या घरी रुसलेल्याला एकटं सोडायचे, त्यात त्याचा मान. बायकोच्या घरी हाक आली नाही याचा अर्थ, तुझी इथं गरज नाही. म्हणजे तो दीड वर्ष तिचा मान राखत होता आणि ती दीड वर्ष हाकेची वाट बघत होती. बाईंनी त्याला सांगितलं, "जा, दारात उभा राहा आन् नुसतं 'जेवायला चल' म्हण. दुसरं काही बोलशील तर बिघडेल." तो गेला. ती आली.

'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण कुणी वापरली की बाईंचं डोकं फिरायचं. संस्थेचे सचिव ती दर भाषणात वापरायचे. बाई खाली बसून मोठ्यानं म्हणायच्या, "चूल मातीचीच असते हो, फुंकणारी येगळी असते." सचिव ऐकू न आल्यासारखं करायचे. त्यांनी ते सगळं ऐकून ठेवलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

शनिवारी भांडणाचा तास असायचा. ज्यानं त्यानं आपल्या घरच्या बोलीत उभं राहून भांडायचं, समोर कुणी नसलं तरी. बाकीच्यांनी अर्थ विचारायचा नाही, नुसतं बघायचं. "गोड बोलायला माणूस कुठलीबी भाषा वापरतो," बाई म्हणायच्या. "भांडायला मात्र घरचीच लागती. ती तुम्हाला ओळखू आली पाहिजे." खालच्या दुकानातली माणसं जिन्यात येऊन ऐकायची. एकदा आम्ही बाईंनाच उभं केलं. त्या कानडीत भांडल्या, दोनतीन मिनिटं, बहुतेक आईशी. शेवटी शेवटी आवाज बारीक झाला. मग त्यांनी बुटाची नाडी बांधली आणि म्हणाल्या, "झालं. पुढचा कोण?"

मोठ्या शहरातून एक तज्ज्ञ आले होते त्या दिवशीची गोष्ट. त्यांनी नवरा-बायकोनं समोरासमोर बसून, डोळ्यांत बघून, 'मला असं वाटतं की' अशी सुरुवात करून कसं बोलावं ते शिकवलं. नरसिंगला नवरा केलं आणि मला बायको. आम्ही लाजून मेलो. बाईंनी हात वर केला.

"साहेब, आमच्याकडं नवरा-बायको एकमेकाशी बोलतच न्हाईत. 'बापाला सांग, ताट वाढलंय.' 'आईला सांग, मला भूक न्हाई.' सगळं लेकराच्या मार्फत. तुमच्या पद्धतीत लेकराला कुठं बसवायचं?"

तज्ज्ञ म्हणाले, लेकराला मध्ये आणणं चुकीचं आहे.

"चुकीचं हाय, कबूल. पण ज्यांना लेकरू न्हाई ते बिचारे कसे भांडून राहिले असतील, ह्याचा तरी विचार करा."

तज्ज्ञांनी परत जाऊन अहवालात लिहिलं की प्रशिक्षिकेला आधुनिक पद्धतींचा तिटकारा आहे. खरं तर बाईंनी ती सगळी पुस्तकं वाचली होती, पेन्सिलीनं समासात भांडण करत करत.

आता त्यांच्या नियमाकडे येते. यायला नको वाटतं, म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत बसले.

बाईंचा एकच नियम कडक होता. आपल्या माणसाची केस आपण घ्यायची नाही. आपल्या जातीची, आपल्या गावाकडची, आपल्या बोलीची केस आली की ती दुसऱ्याकडे द्यायची. त्यामुळे लोह्या-कंधारकडची कुणबी-मराठ्यांची घरं शबानाकडे आणि शबानाच्या वस्तीतली घरं माझ्याकडे. सुरुवातीला आम्ही दोघी वैतागलो. मला निकाहातल्या मेहरमधलं आणि बायकोनं मागायच्या खुला तलाकमधलं ओ की ठो कळत नव्हतं, शबानाला देवक आणि मानपान कळत नव्हतं. बाई म्हणाल्या, "तेच पाहिजे. कळत न्हाई म्हणून तुम्ही विचाराल. आपल्या माणसाचं आपल्याला सगळं कळतंय असं वाटतं, तिथंच माती होती. आन् दुसरं, बाई परक्यापाशी बोलती. आपल्यातलीपाशी बोललेलं चार दिवसांत पाव्हण्यारावळ्यांत जातं."

आणि बाया खरोखर शबानापाशी भडाभडा बोलायच्या. शबाना त्यांना अगदी बावळट वाटतील असे प्रश्न विचारायची. "माहेरी बसली म्हणजे? कोण बसवलं? तुम्ही खुद बसल्या का?" आणि बाया समजावून सांगता सांगता रडायला लागायच्या. अभ्यासक्रम संपल्यावर बाईंनी आम्हा दोघींना केंद्रातच कामाला ठेवून घेतलं. चार वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला.

त्या दिवशी बाई लातूरला होत्या. आठवड्यातले दोन दिवस त्या एसटीनं लातूरच्या बॅचला शिकवायला जायच्या. केंद्रात शबाना आणि मी. अकराच्या सुमारास एक कुटुंब आलं. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, तिचे वडील, तिचा मामा, आणि सासरकडून सासरा आणि नवरा. मुलीला मारहाण झाली होती, पाच महिन्यांपासून ती माहेरी होती. पोलीस ठाण्यातून त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. तिनं परत नांदायला जायचं की नाही, हे आमच्या कागदावर ठरणार होतं. गाव लोह्याकडचं, म्हणजे नियमानं केस शबानाची. तिनं फॉर्म घेतला, मुलीला म्हणाली, "या ताई, आत बसू." एकटीला आतल्या खोलीत घेऊन बोलायचं, ही केंद्राची पद्धतच होती. मुलगी उठलीसुद्धा.

तेवढ्यात मामा माझ्याकडे वळला. "ओ म्याडम, तुमी आमच्याच भागातल्या न्हवं का? पाटलाची नात तुमी. तुमचे आजे आमच्या सोयरिकीला हुते."

मी हसले. ओळख निघाली की माणूस हसतोच.

"मग तुमीच घ्या की. घरातली गोष्ट हाय. परक्याम्होरं कसं बोलावं? त्यातून ह्यांचं येगळं, आपलं येगळं."

शबाना दारात उभी होती. तिला ऐकू येत होतं. मला नियम ठाऊक होता, सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण 'पाटलाची नात' हे ऐकून मला बरं वाटलं होतं, आणि वर मला एक सबबही सापडली. आलेल्या माणसांच्या सांस्कृतिक भावना जपाव्यात, असं आमच्या छापील पुस्तिकेत होतंच. मी शबानाला म्हणाले, "तू जरा चहाचं बघतेस का?"

तिनं माझ्याकडे बघितलं, फॉर्म टेबलावर ठेवला आणि गेली.

मुलीला मी आतल्या खोलीत नेलं नाही. आपल्याकडे थोरल्या माणसांसमोरून पोरीला उठवून न्यावं, हे बरं दिसत नाही, हे मला कळत होतं. मला सगळंच कळत होतं. सासऱ्यानं हात जोडून सांगितलं, पुन्हा बोट लावणार न्हाई. नवरा मोबाईलकडे बघत होता. वडील म्हणाले, लेकीचा संसार टिकला पायजे. मग मी तिला विचारलं, "मग, जातीस ना गं नांदायला?"

तिनं मान खाली घातली. "हाव."

मी लिहिलं, 'स्वखुशीने नांदायला जाण्यास तयार.' केस मी का घेतली, या रकान्यात लिहिलं, 'सहकारी रजेवर.' एवढ्यात शबाना चहाचा ट्रे घेऊन आली. तिनं सगळ्यांना चहा दिला, मलाही दिला.

दोन दिवसांनी बाईंनी तो कागद वाचला.

"एकटीला घेतलीस?"

"नाही बाई."

"हाव कशी म्हणली? म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं.

"पुन्हा."

तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा माझा मलाच आवाज ओळखू आला. आमच्या घरात हा शब्द आई दिवसभर म्हणते. आजी पाणी आण म्हणाली की हाव, वडील ओरडले की हाव, जेवण बेचव झालंय म्हणाले की हाव. त्याचा अर्थ 'होय' असा नसतोच. त्याचा अर्थ एवढाच की ऐकलं, आता पुढचं बोला. चार बाप्यांसमोर त्या मुलीला दुसरा कुठला शब्द उच्चारता येणार होता? शबाना असती तर तिनं आपल्या बावळट पद्धतीनं विचारलं असतं, हाव म्हणजे क्या ताई, मर्जी है के नहीं? मी विचारलं नाही, कारण मी घरचीच होते.

"शबाना रजेवर होती?" बाईंनी विचारलं.

"हाव," मी म्हणाले.

शबाना पलीकडच्या टेबलावर फाईल लावत होती. तिनं मान वर केली नाही. संध्याकाळी जिन्यात मी तिला गाठलं, तर म्हणाली, "बोलके क्या होता? बाई कू फकत तकलीफ होती." आणि आपला डबा उचलून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती डबा आतल्या खोलीत खायला लागली.

बाई तिसऱ्या दिवशी त्या मुलीच्या सासरच्या गावी गेल्या. सासऱ्यानं दारातच माझा कागद काढून दाखवला. "तुमच्याच हापिसाचा हाय, म्याडम. सोखुशी लिवलंय. वाचा." बाई दिवसभर शाळेच्या ओट्यावर बसून राहिल्या. मुलगी हापशावर आली, बाईंना बघून पदर ओढून निघून गेली. बाई चार वेळा गेल्या. पाचव्या वेळी गावातून संस्थेकडे तक्रार आली, की तुमच्या म्याडम नांदता संसार मोडून राहिल्यात.

सचिवांना एवढंच हवं होतं. चौकशीला बाई, मी आणि तिघे पदाधिकारी. केस कुणी हाताळली, असं विचारलं. बाई एक पाय वर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "केंद्र माझं, पोर माझ्या हाताखालची. अडचणीत एकटी होती, चुकली. चूक माझ्या शिकवण्याची धरा." मी शेजारच्या खुर्चीवर होते. बोलायला तोंड उघडलं आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

महिन्याभरात अभ्यासक्रमाची 'पुनर्रचना' झाली आणि बाईंना निरोप देण्यात आला. सचिव भाषणात घरोघरी मातीच्या चुली म्हणाले. या वेळी खालून कुणी बोललं नाही. बाई लातूरला बहिणीकडे राहायला गेल्या. त्यांच्या जागेवर मला बसवलं. नरसिंगनं अभिनंदनाचा मेसेज पाठवला, शबानानं नाही.

आठ महिन्यांनी ती मुलगी आली. बरोबर फक्त आई. उजव्या हाताचं मनगट मोडलं होतं आणि वेळेवर कुणी दवाखान्यात नेलं नव्हतं, त्यामुळे ते वाकडंच जुळलं होतं. भाकरी थापता येईना, धुणं पिळता येईना, तेव्हा सासरच्यांनीच तिला माहेरी आणून सोडलं. कामाची राहिली नाही म्हणून सुटली. मी बाईंच्या खुर्चीत होते. मी उठले, म्हणाले, "ये, बस."

ती बसली नाही. माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाली, "त्या दुसऱ्या म्याडम हायत का?"

"कोणत्या?"

"त्या दिशी तुमी ज्यांनला चहाला लावून दिलं त्या. मी आत जायला उठले होते त्यांच्यासंगं. त्यांच्याम्होरं बोलले असते मी."

शबाना आतून आली. तिनं त्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला, दोघी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लागलं. तिची आई बाहेर माझ्यासमोर बसून राहिली. "आपल्यातल्याच तुमी," ती म्हणाली, "तुमाला काय सांगावं."

त्या रविवारी मी लातूरला गेले. बाई बहिणीच्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. "ये गं ये," म्हणाल्या, "भर उन्हाची कशाला आलीस? बस, शेंगा खा." मी बसले. मुलगी आल्याचं सांगितलं, मनगटाचं सांगितलं. बाईंनी डोळे मिटले. "तुझ्या एकटीचं न्हाई ते," म्हणाल्या. "शबाना नव्हती, मी नव्हते. मी त्या दिवशी लातूरला जायलाच नको होतं."

तेव्हा मी बोलले. शबाना रजेवर नव्हती. ती दारात उभी होती, मुलगी तिच्याबरोबर आत निघाली होती, आणि मामा काय म्हणाला, मला काय बरं वाटलं, मी तिला चहाला कसं लावलं, सगळं सांगितलं. मुलगी आल्याआल्या काय म्हणाली तेही सांगितलं. बाईंनी मधे एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी हातातली शेंग न फोडताच खाली ठेवली. त्यांनी शिव्या द्याव्यात, कानडीत का होईना भांडावं, असं मला मनापासून वाटत होतं.

बाईंनी मांडीवरची टरफलं झटकली आणि वर केलेला पाय खाली घेतला.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "तुम्ही चहा घेणार का?"

इतक्या वर्षांत बाई मला एकदाही 'तुम्ही' म्हणाल्या नव्हत्या. मी नको म्हणाले आणि चपला घातल्या.